सामाईक पाणी योजनेचा अहवाल शेवटच्या गावाकडून उलटा वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक लहान शहर आणि आसपासची सात गावं, मिळून साधारण ६० हजार लोकवस्ती. प्रत्येकाला आपापली योजना चालवणं जड जातंय, म्हणून नदीवर एकच उद्भव (पाणी उचलायची जागा), एकच जलशुद्धीकरण केंद्र आणि तिथून सगळ्यांना जलवाहिनी असा प्रस्ताव आहे. सल्लागाराचा प्राथमिक अहवाल आलाय, त्यात केंद्राची क्षमता आणि पाईपचे व्यास दिलेत. तुम्ही संयुक्त समितीवर आहात, अभियंता नाही, आणि मंजुरीआधी नेमकं काय तपासायचं हे तुम्हाला हवंय.

अशा योजनांचं आरेखन, चाचणी आणि बिघडल्यावर दुरुस्ती या तिन्ही कामांत माझं बहुतेक आयुष्य गेलं. अहवाल नेहमी उद्भवापासून सुरू होतो: नदी, जॅकवेल (नदीकाठची पंपांची विहीर), केंद्र, मुख्य वाहिनी, फाटे, आणि सगळ्यात शेवटी, दोन-तीन ओळींत, टोकाचं गाव. तुम्ही तो उलटा वाचा. टोकाच्या गावाच्या टाकीत पाणी किती वाजता, किती दाबानं आणि किती क्लोरीन घेऊन पोचणार, हे आधी विचारा. त्याचं उत्तर अहवालात सापडलं नाही, तर बाकीचे आकडे कितीही नेटके असोत, मंजुरी देऊ नका. माझ्या पाहण्यातल्या ज्या सामाईक योजना मोडल्या, त्या बहुतेक टोकाकडूनच मोडल्या. टोकाच्या गावाला पाणी मिळेना, त्यांनी पैसे थांबवले, वीजबिल थकलं आणि मग सगळ्यांचंच पाणी बंद झालं.

एक प्रसंग सांगतो. एका योजनेत शेवटच्या गावाला ठरल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा पाणी येत होतं. गावकऱ्यांची खात्री होती की वरचे लोक पाणी चोरतात. वरची गावं म्हणायची, खालचेच उधळपट्टी करतात. मी तीन दिवस व्हॉल्व्हमनबरोबर वाहिनीच्या कडेनं पायी चाललो. चोरी कुठेच नव्हती. एका ठिकाणी जमीन हलकीशी चढून पुन्हा उतरत होती, कमरेइतकाच उंचवटा. सर्वेक्षणात दर १०० मीटरवर पातळी घेतली होती आणि तो उंचवटा बरोबर दोन बिंदूंच्या मध्ये सुटला होता. नकाशावर सरळ रेघ, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह, म्हणजे अडकलेली हवा बाहेर सोडणारी झडप, नाही. पाईपच्या माथ्यावर हवा अडकून बसली होती आणि पाणी तिच्या खालच्या फटीतून सरकत होतं. तिथे टॅपिंग घेऊन व्हॉल्व्ह बसवला आणि उघडला. आधी नुसता फुस्कारा, मग थुंकल्यासारखं पाणी, पुन्हा हवा. असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. मग धार सलग झाली. त्या रात्री शेवटची टाकी पहिल्यांदा भरून वाहिली. दोन वर्षं दोन गावं एकमेकांशी बोलत नव्हती, ती अशा एका वितभर व्हॉल्व्हपायी.

म्हणून पहिली मागणी ही करा: मुख्य वाहिनीचा आणि प्रत्येक फाट्याचा उभा छेद (वाटेतला चढउतार दाखवणारा नकाशा), दर २५-३० मीटरवर प्रत्यक्ष घेतलेल्या पातळ्यांसह. प्रत्येक माथ्यावर एअर व्हॉल्व्ह, प्रत्येक खोलगटीत वाहिनी रिकामी करायला स्कोअर व्हॉल्व्ह, आणि जिथे वाहिनी वळते तिथे पाईप सरकू नये म्हणून थ्रस्ट ब्लॉक (काँक्रीटचा ठोकळा) नकाशावर दिसले पाहिजेत. उपग्रहाच्या चित्रावरून काढलेल्या पातळ्या प्राथमिक अंदाजाला चालतात, पाईपची ऑर्डर द्यायला चालत नाहीत.

आता मागणीचं गणित. ते तुम्ही स्वतः करून पाहा, अवघड नाही. ६० हजार लोक, दरडोई दिवसाला १०० लिटर धरले, तर रोज ६० लाख लिटर, म्हणजे ६ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन). पण हे नळाशी पोचायचं पाणी झालं. वाटेत गळती होणारच. २० टक्के धरली, तर केंद्रातून ७.५ एमएलडी सोडावं लागेल. केंद्राला स्वतःचे फिल्टर धुवायला आणि गाळ काढायला पाणी लागतं, ते ५ टक्के धरलं तर नदीतून उचलायचं पाणी ८ एमएलडीच्या आसपास जातं. अहवालात हे तीन आकडे वेगवेगळे दिसतात का बघा. एकच आकडा सगळीकडे फिरवला असेल, तर कुणीतरी गळती विसरलंय किंवा ती दोनदा धरलीय.

भविष्यातली वाढ हा पुढचा घोळ. पाईप जमिनीत गाडला की पुन्हा काढता येत नाही, म्हणून वाहिनी तीस वर्षांच्या लोकसंख्येवर आखतात. पंप पंधरा वर्षांत बदलावेच लागतात, तेव्हा ते तेवढ्याच मुदतीच्या गरजेचे घ्यावेत. केंद्र दोन समांतर ओळींत बांधावं आणि तिसऱ्या ओळीला जागा सोडावी. सगळंच तीस वर्षांचं आज बांधलं, तर पहिली दहा वर्षं अर्ध्या भारावर चालणारे पंप वीज खातात, आणि तुमचे आजचे लोक उद्याच्या लोकांचा खर्च उचलतात.

वाहिनीच्या व्यासावर थोडा वेळ थांबतो, कारण समितीच्या बैठकीत इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ७.५ एमएलडी पाणी दिवसात २० तास पंपिंग करून न्यायचं, तर प्रवाह सेकंदाला १०४ लिटर होतो. तासांची गोष्ट लक्षात ठेवा. वीज चोवीस तास मिळेल असं धरून व्यास ठरवला आणि वीज सोळाच तास आली, तर योजना पहिल्याच दिवशी अपुरी. समजा केंद्रापासून मुख्य संतुलन टाकीपर्यंत (जिथून पाणी गावांना वाटलं जातं) १२ किलोमीटर अंतर आहे आणि टाकी ४० मीटर उंचावर आहे. नवा, आतून गुळगुळीत पाईप धरून हेझन-विल्यम्सच्या सूत्रानं घर्षणातली घट, म्हणजे पाईपला घासून जाणारा दाब पाण्याच्या उंचीत मोजून, काढली, तर ३०० मिमी व्यासाला दर किलोमीटरला सुमारे ६.९ मीटर, ३५० मिमीला ३.३ मीटर आणि ४०० मिमीला १.७ मीटर येते. म्हणजे १२ किलोमीटरला अनुक्रमे ८३, ३९ आणि २० मीटर. त्यात चढाचे ४० मीटर मिळवा आणि पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरा. रोजची वीज ३०० मिमीला साधारण ३,५८० युनिट, ३५० मिमीला २,३०० आणि ४०० मिमीला १,७६० युनिट पडते.

म्हणजे ३०० ऐवजी ३५० मिमी टाकला, तर वर्षाला साडेचार लाखांहून अधिक युनिट वाचतात. ४०० वर गेलात तर आणखी दोन लाखांच्या जवळपास. पाईप एकदाच विकत घ्यायचा असतो, वीजबिल दर महिन्याला येतं आणि ते भरायला बाहेरून अनुदान सहसा मिळत नाही. तेव्हा सल्लागाराकडून प्रत्येक व्यासाचा तीस वर्षांचा एकूण खर्च मागवा, पाईप आणि वीज मिळून. बांधकाम स्वस्तात दिसावं म्हणून व्यास एक पायरी खाली आणलेला मी अनेकदा पाहिलाय. त्याची किंमत पुढे गावं फेडत राहतात.

मात्र हाच न्याय फाट्यांना लावू नका. तिथे उलट धोका आहे. टोकाचं गाव १,५०० वस्तीचं, फाटा ९ किलोमीटरचा, आणि ‘असू द्या मोठा’ म्हणून १५० मिमी पाईप टाकला असं समजा. त्या पाईपमध्ये सुमारे १६० घनमीटर पाणी मावतं. गाव सुरुवातीला दरडोई ७० लिटरच वापरत असेल, तर रोजची उचल १०५ घनमीटर. म्हणजे पाणी पाईपमध्येच दीड दिवस मुक्काम करतं. तेवढ्या वेळात, विशेषतः उन्हाळ्यात, क्लोरीन संपत जातं. १०० मिमी पाईप असेल तर हाच मुक्काम सोळा-सतरा तासांवर येतो आणि घर्षणातली घटही सोसण्याजोगी राहते. टोकाला क्लोरीन कमी पडतं म्हणून केंद्रातच जास्त मारलं, तर पहिल्या गावाच्या पाण्याला वास येतो आणि लोक विहिरीकडे वळतात. त्यापेक्षा लांबच्या फाट्यावर, वाटेतल्या टाकीपाशी छोटा बूस्टर क्लोरिनेटर (वाटेत पुन्हा क्लोरीन टाकणारं यंत्र) आराखड्यातच धरा.

क्लोरीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सोपं आहे: सामू (पीएच) ८ पेक्षा कमी असताना किमान ३० मिनिटं संपर्क आणि त्यानंतर लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त उर्वरित क्लोरीन. लोकांच्या हाती पोचताना किमान ०.२. त्या ३० मिनिटांची जागा, म्हणजे शुद्ध पाण्याची टाकी आणि तिच्या आतल्या आडव्या-तिडव्या भिंती, अहवालात शोधा. टाकी मोठी असूनही पाणी एका कोपऱ्यातून शिरून शेजारच्याच कोपऱ्यातून निघत असेल, तर ती अर्ध्या तासाची टाकी पाच मिनिटांचीच ठरते.

वॉटर हॅमरचं थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका. चालू पंपाची वीज अचानक गेली की वाहिनीतलं पाणी थबकतं आणि दाबाची लाट पुढे-मागे धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय जुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचं सूत्र दिलं. लोखंडी वाहिनीत ही लाट सेकंदाला साधारण एक हजार मीटर धावते. आपल्या ३५० मिमी वाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला १.०८ मीटर आहे. तो एकदम शून्य झाला तर नेहमीच्या दाबावर आणखी सुमारे ११० मीटरचा झटका बसतो. १२ किलोमीटर जाऊन परत यायला लाटेला २४ सेकंद लागतात, त्याहून कमी वेळात व्हॉल्व्ह बंद केला तर तो अचानकच बंद केल्यासारखा. लाटेच्या उलट फेरीत माथ्यांवर दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. हा नुसता पाईप फुटण्याचा प्रश्न नाही, आजारपणाचा आहे. ‘सर्ज अॅनालिसिस (दाबाच्या लाटेचं गणित) केलं आहे का, आणि त्यात कोणती उपकरणं सुचवली आहेत?’ एवढं एक वाक्य विचारा. उत्तरात नुसता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आला, तर ते पुरेसं नाही.

आता केंद्र. सगळ्यात आधी नदीच्या पाण्याची वर्षभराची नोंद हवी. उन्हाळ्यात एकदा घेतलेल्या नमुन्यावर मी कुणाला केंद्र आखू देणार नाही. पहिल्या पुराचं पाणी, पूर ओसरतानाचं पाणी आणि नदी आटल्यावर डबक्यांत साचलेलं हिरवट पाणी, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुरात गढूळपणा भरमसाट असतो, पण गाळ जड असल्यानं तो तुरटीनं बऱ्यापैकी बसतो. आटलेल्या नदीचं पाणी दिसायला बरं, पण शेवाळानं फिल्टर चोंदवतं आणि चव बिघडवतं. तिन्ही वेळच्या पाण्यावर जार टेस्ट झाली पाहिजे: सहा भांडी, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा, आधी जोरात आणि मग हळू ढवळणं, आणि कोणत्या भांड्यात गुठळ्या नीट धरून तळाशी बसतात ते पाहणं. ही चाचणी केंद्र सुरू झाल्यावरही रोज करायची असते. ज्या केंद्रात जार टेस्टचं यंत्र धूळ खात पडलेलं असतं, तिथे तुरटी सवयीनं टाकली जाते, पाणी बघून नाही.

फिल्टरची संख्या हा तुम्हाला सहज तपासता येईल असा मुद्दा. ८ एमएलडी पाणी २० तासांत गाळायचं, म्हणजे ताशी ४०० घनमीटर. दर चौरस मीटरला ताशी ५ घनमीटर धरले, तर ८० चौरस मीटर वाळू लागते. हे क्षेत्र दोन मोठ्या फिल्टरांत विभागलं, तर एक धुवायला घेतल्यावर दुसऱ्यावर दुप्पट भार येतो आणि तो गाळाचं पाणी पुढे ढकलतो. २०-२० चौरस मीटरचे चार केले, तर एक बंद असताना उरलेल्या तिघांवर ताशी पावणेसात घनमीटरपर्यंतच जातं. चारपेक्षा कमी फिल्टर मान्य करू नका.

आणि प्रत्येक फिल्टरच्या तोंडाशी स्वतंत्र गढूळपणा मोजणारं यंत्र हवं. सगळ्यांचं पाणी मिसळल्यानंतर एकच नको. एकच केंद्र सगळ्यांना पाणी देत असेल, तर तिथली एक चूक सगळ्यांच्या घरात पोचते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये नेमकं हेच घडलं. शहराच्या दोनपैकी एका केंद्रात गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा १.७ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) चढला आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पाण्यात उतरला. त्याच्यावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही, त्याला अडवतो तो फिल्टरच. अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. निर्जंतुकीकरण नीट व्हायला पाणी १ एनटीयूच्या खाली असावं असं म्हणतात, त्यामागे केवळ पाणी स्वच्छ दिसण्याचा प्रश्न नाही.

फिल्टर धुतलेलं पाणी आणि टाक्यांतला गाळ कुठे जाणार, हेही विचारून घ्या. बऱ्याच आराखड्यांत ती रेघ केंद्राच्या कुंपणापाशी संपते आणि प्रत्यक्षात सगळं परत नदीत जातं, कधी कधी उद्भवाच्या वरच्याच अंगाला.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘गावांतले जुने पाईप तसेच वापरणार आहोत.’ इथे मला काळजी वाटते. विहिरीच्या पाण्याला सरावलेल्या पाईपमध्ये नदीचं प्रक्रिया केलेलं पाणी सोडलं, की आतला थर सैल होऊ शकतो. तुरटी पाण्याची क्षारता (आम्ल झेलण्याची ताकद) खाते, साधारण एका मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. सामू उतरतो आणि पाणी लोखंड खायला लागतं. फ्लिंट हे अमेरिकेतलं शहर जवळपास पन्नास वर्षं डेट्रॉइटच्या यंत्रणेकडून शुद्ध पाणी घेत होतं. २०१३ मध्ये त्यांनी लेक ह्युरॉनहून येणाऱ्या नव्या प्रादेशिक जलवाहिनीत सामील व्हायचं ठरवलं. ती पूर्ण होईपर्यंतची सोय म्हणून एप्रिल २०१४ मध्ये स्थानिक नदीचं पाणी जुन्या केंद्रातून द्यायला सुरुवात केली, आणि पाईप गंजू नयेत म्हणून टाकायचं रसायन टाकलंच नाही. शिशाच्या जोडण्यांमधून शिसं मुलांच्या पोटात गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं, पण झालेलं नुकसान परत घेता आलं नाही. म्हणून प्रत्येक गावातला जुन्या पाईपचा एकेक तुकडा कापून काढा, आत काय साठलंय ते पाहा, आणि नवं पाणी त्याच्याशी कसं वागेल याची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या. जोडणीच्या वेळी एकेक गाव घ्या, आधी वाहिनी धुवा, आणि पहिले काही आठवडे नळाचं पाणी रोज तपासा.

आता करार. माझ्या मते पाईपच्या ऑर्डरआधी हा सह्या होऊन तयार असला पाहिजे. लोक म्हणतात, आधी पाणी येऊ द्या, मग बसून ठरवू. पाणी आल्यावर कुणी बसत नाही. ज्याच्या हातात वरचा व्हॉल्व्ह, त्याला ठरवायची गरज उरत नाही.

करारात सगळ्यात आधी टंचाईचा नियम लिहा. पाणी पुरेसं असतं तेव्हा वाटपाचा तंटा होत नाही, म्हणून तो नियम कुणाला सुचत नाही. समजा एका वर्षी नदी आटली आणि ७.५ ऐवजी ५ एमएलडीच पाणी आहे. सगळ्यांना सरसकट दोन तृतीयांश द्यायचं का? ऐकायला न्याय्य वाटतं. पण शहरात टँकर मागवता येतो, घरोघरी टाक्या आहेत. टोकाच्या गावात दोन्ही नाही. मी सुचवतो तो नियम असा: आधी प्रत्येक माणसामागे ४० लिटर सगळीकडे पोचवायचे, म्हणजे २.४ एमएलडी, आणि त्यात काटछाट नाही. उरलेलं प्रत्येकाच्या राखीव हिश्श्याच्या प्रमाणात वाटायचं. आकडा तुम्ही वेगळा ठरवा, पण ठरवा, आणि पाणी मुबलक असतानाच ठरवा.

हा नियम कागदावर राहू नये म्हणून प्रत्येक गावाच्या वेशीवर, टाकीत पाणी शिरतं तिथे, मीटर आणि प्रवाह मर्यादित करणारा व्हॉल्व्ह हवा. मीटरच्या वर-खाली उत्पादक सांगतो तेवढी सरळ पाईपची लांबी सोडलेली असावी, नाहीतर तो खोटं मोजतो. खोलीला दोन कुलपं, एक संयुक्त संस्थेचं आणि एक गावाचं. आकडा दर आठवड्याला दोघांनी मिळून लिहायचा आणि तो सगळ्या गावांना दिसेल असा लावायचा. केंद्रातून सोडलेलं पाणी आणि आठ मीटरांची बेरीज यांतला फरक ही सामाईक वाहिनीची गळती, ती संयुक्त संस्थेची जबाबदारी. मीटरच्या पुढची गळती ज्याची त्याची. ही सीमारेषा स्पष्ट नसेल तर प्रत्येक गळतीवर वाद होतो आणि पाणी मात्र वाहत राहतं.

पाणीपट्टी दोन भागांत ठेवा. प्रत्येकानं राखून घेतलेल्या क्षमतेचा स्थिर आकार, पाणी उचललं नाही तरी द्यायचा. आणि प्रत्यक्ष वापराचा आकार, वीज आणि रसायनांपुरता. नुसत्या वापरावर पट्टी लावली, तर चांगल्या पावसाच्या वर्षी गावं आपापल्या विहिरी वापरतात, उत्पन्न घसरतं, पण पंपावरच्या माणसांचा पगार आणि कर्ज तसंच राहतं. एका योजनेत मी हे पाहिलं: दोन गावांनी सलग आठ महिने पैसे दिले नाहीत, राखीव निधी नव्हता, वीज तोडली गेली आणि नियमित पैसे भरणाऱ्या गावांचे नळही कोरडे पडले. किमान सहा महिन्यांच्या वीजबिलाइतका निधी योजना सुरू होण्याआधी बँकेत असावा, आणि थकबाकीदार गावाचा पुरवठा ४० लिटरच्या पायरीपर्यंतच उतरवायचा, शून्यावर नाही, असं करारात असावं.

मतांचाही प्रश्न आहे. लोकसंख्येवर मतं दिली तर शहर एकटं सगळं ठरवेल. प्रत्येकी एक मत दिलं तर सर्वांत जास्त पैसे भरणारं शहर अल्पमतात जाईल. रोजच्या कामांना हिश्श्याप्रमाणे मतं, आणि दर, टंचाईचा नियम, नवा सभासद या तीन विषयांना हिश्श्याचं बहुमत तसंच गावांचंही बहुमत, अशी दुहेरी अट मला सर्वांत टिकाऊ वाटते. जर्मनीतली लेक कॉन्स्टन्सची पाणी योजना १९५४ मध्ये १३ नगरपालिकांनी एकत्र येऊन सुरू केली. सरोवरात ६० मीटर खोलीवरून पाणी घ्यायचं, ते ३०० मीटरहून अधिक उंच चढवायचं आणि तिथून राज्यभर न्यायचं. आज सुमारे ४० लाख लोकांना ती पाणी देते. सभासदांचा हिस्सा तिथे लिटर प्रति सेकंदात ठरलेला असतो. त्याचा फायदा असा की ‘पुरेसं पाणी’ यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

जुन्या विहिरी आणि विंधण विहिरी बंद करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. मोठी वाहिनी कधी ना कधी फुटणारच. खोदणं, पाणी उपसणं, तुकडा बदलणं, धुणं, क्लोरीन मारणं, यात सहज एक दिवस जातो. तेवढी साठवण गावच्या टाकीत हवी आणि त्याहून जास्त वेळ लागला तर जुना उद्भव चालू स्थितीत हवा. महिन्यातून एकदा तिथला पंप चालवा आणि पाणी तपासा. पण तो नव्या वाहिनीला थेट जोडू नका. मध्ये हवेचं अंतर ठेवून टाकीत वरून पाडा, नाहीतर एका गावाच्या दूषित विहिरीचं पाणी सगळ्यांच्या वाहिनीत शिरेल.

माणसांचाही विचार आत्ताच करा. चोवीस तासांच्या केंद्राला पाळ्या लागतात, एक रसायनतज्ज्ञ लागतो, आणि वाहिनीवर फिरणारे व्हॉल्व्हमन. व्हॉल्व्हमनला पगार गावानं दिला तर तो गावाचं ऐकतो, म्हणून तो संयुक्त संस्थेच्याच पगारावर हवा. बांधकाम चालू असतानाच त्यांना कामावर घ्या. ज्यानं पाईप गाडताना पाहिलाय, त्याला रात्री अंधारातही कोणता सांधा कुठे आहे ते कळतं.

पुढच्या बैठकीआधी सल्लागाराकडून हे मागवा: प्रत्यक्ष पातळ्यांचे उभे छेद, आठही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना आणि आजच्या कमी मागणीला, अशा दोन्ही स्थितींत शेवटच्या टाकीपाशी दाब आणि पाण्याचं वय (केंद्रातून निघून झालेला वेळ) दाखवणारा तक्ता, तीन व्यासांची तीस वर्षांच्या खर्चाची तुलना, आणि तिन्ही ऋतूंच्या पाण्यावरचे जार टेस्टचे निकाल. कराराचा मसुदा मात्र सल्लागाराकडून घेऊ नका, तो तुम्ही आठ जणांनी बसून लिहा, आणि ती बैठक टोकाच्या गावातच घ्या. कागद हाती आले की मला पाठवा. दाबाचा तक्ता मी आधी पाहीन.